ओला पदर

जानेवारीतली संध्याकाळ. ग्वारीघाटावर थंडी पाण्यावरून चालत येते आणि पायऱ्यांवर बसलेल्या माणसाच्या हाडात शिरते. आरतीला अजून अर्धा तास होता. ओंकारेश्वरहून बसने परिक्रमेला निघालेल्या, महाराष्ट्रातून आलेल्या बायकांचा एक जथा खालच्या पायऱ्यांवर टेकला होता. कुणी द्रोणात दिवा लावून सोडत होतं, कुणी कुपीतलं थोडं जल नदीत ओतून नवं भरून घेत होतं. आम्ही जबलपूरची मराठी माणसं अशा जथ्यांकडे आपोआप ओढली जातो. दोन शब्द मराठी कानावर पडतात. मीही त्यांच्याशेजारी बसले होते.

त्यांच्यातल्या एकीने एकाएकी शाल काढली, मग स्वेटर. कपाळावर आणि वरच्या ओठावर घाम डवरलेला, गळा लालबुंद. तिने पदराचं टोक नर्मदेत बुडवलं, पिळलं आणि मानेवर, कानांच्या मागे दाबून धरलं. डोळे मिटून तीनेक मिनिटं तशीच बसली. मग हुडहुडी भरली आणि ओला पदर झटकत ती पुन्हा स्वेटर शोधू लागली.

"होतं हो तसं," शेजारच्या वयस्कर काकू म्हणाल्या. "पाळी जाताना वाफा येतातच. निसर्गाचं आहे ते, निसर्गानेच जाईल. मैयाचं नाव घ्यायचं. आमच्या आयांनी काय हॉर्मोनच्या गोळ्या खाल्ल्या होत्या? कॅन्सर होतो त्या गोळ्यांनी." मग माझ्याकडे वळून, "या वहिनींचंच बघा ना. आत्ताच सांगत होत्या, एक गोळी घेतली नाही म्हणून."

मी मान डोलावली. मी गोळ्या घेतल्या नव्हत्या, हे खरंच होतं. तेवढ्यात घंटा वाजायला लागल्या, सगळ्या उठल्या, विषय तिथेच राहिला. पण घरी आल्यावर मला त्या मान डोलावण्याची लाज वाटू लागली. काकूंच्या एकेका वाक्यात थोडंथोडं खरं होतं आणि एकत्र केल्यावर ते सगळं चुकीचं होतं. त्यात माझी साक्ष काढली गेली आणि मी ती देऊन बसले.

खंडनाला हात घालण्याआधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, त्याच्या पुऱ्या बळानिशी मांडावा, ही शास्त्रार्थाची जुनी रीत. आणि हा पूर्वपक्ष अडाण्यांचा नाही. रजोनिवृत्ती हा रोग नव्हे, हे त्याचं पहिलं म्हणणं, आणि ते सोळा आणे खरं आहे. बाराव्या वर्षी रज सुरू होतं आणि पन्नाशीला क्षय पावतं, असं सुश्रुताने सांगितलं ते रक्ताचं वर्णन करताना, रोग मोजताना नव्हे. याउलट १९६६ साली अमेरिकेत रॉबर्ट विल्सन या स्त्रीरोगतज्ज्ञाने 'फेमिनाइन फॉरेव्हर' नावाचं पुस्तक लिहिलं आणि पाळी गेलेली प्रत्येक बाई कमतरतेच्या रोगाने ग्रासलेली आहे, असं ठरवून टाकलं. उपाय एकच, इस्ट्रोजेन. पुस्तक धडाक्यात खपलं. विल्सनच्या संस्थेला औषध कंपन्यांचा पैसा मिळत होता, हे पुढे बाहेर आलं. आणि १९७५ साली नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांमध्ये गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढलेला दिसला. बाईला कायम तरुण ठेवण्याच्या नावाखाली हे झालं होतं. त्यानंतर ज्यांनी 'नकोत आम्हाला तुमच्या गोळ्या' म्हटलं, त्यांना मागासलेल्या म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही.

गर्भाशय असलेल्या बाईला इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन दिलं की अस्तराचं रक्षण होतं, हे कळल्यावर जोडगोळी आली. मग आलं २००२. 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीचा जोडगोळीचा भाग त्या वर्षीच्या जुलैत मुदतीआधीच थांबवला गेला. स्तनाचा कर्करोग वाढतो, हृदयविकार वाढतो, पक्षाघात वाढतो, अशा बातम्या जगभर गेल्या. काकूंच्या तोंडचं 'कॅन्सर होतो' हे वाक्य तिथून निघून, किती तोंडांतून फिरत, ग्वारीघाटाच्या पायरीवर येऊन पोहोचलं आहे. वाक्य पोहोचलं, आकडे वाटेत गळाले. ते आधी परत आणले पाहिजेत.

त्या भागात १६,६०८ बायका होत्या, ५० ते ७९ वयाच्या. सरासरी वय ६३. म्हणजे ज्यांना वाफा येत होत्या, झोप उडाली होती, अशा पंचेचाळीस-पन्नाशीच्या बायकांवर ही चाचणी मुख्यतः झालीच नव्हती. पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेल्या बायकांना हृदयविकारापासून वाचवता येईल का, हे तिला बघायचं होतं. उत्तर आलं, नाही. आता वाढ किती? दहा हजार बायकांनी वर्षभर औषध नसलेली साखरगोळी घेतली, तर त्यांत स्तनाच्या कर्करोगाच्या ३० जणी निघत होत्या, जोडगोळी घेतली तर ३८. पक्षाघाताच्या ८ जास्त, फुप्फुसात गुठळी जाण्याच्या ८ जास्त, हृदयविकाराच्या ७ जास्त. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ६ कमी आणि खुबा मोडण्याच्या ५ कमी. एकूण मृत्यूंत फरक नव्हता. ज्यांचं गर्भाशय आधीच काढलेलं होतं आणि ज्यांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं होतं, त्यांचा वेगळा भाग २००४ साली थांबला. त्यांच्यात स्तनाचा कर्करोग वाढला नव्हता.

हे आकडे पुढे करून 'बघा, काहीच धोका नाही' म्हणणारेही आता बरेच झाले आहेत. त्यांचंही खंडन इथेच झालेलं बरं. २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये जगभरातल्या अभ्यासांचा एकत्र हिशेब छापून आला. पन्नाशीला सुरू करून पाच वर्षं रोज जोडगोळी घेतली, तर पुढच्या वीस वर्षांत दर पन्नास बायकांमागे एकीला स्तनाचा कर्करोग जास्तीचा होतो. नुसत्या इस्ट्रोजेनचं हेच प्रमाण दोनशेंमागे एक. पन्नासांत एक म्हणजे नगण्य नव्हे. आमच्या हळदीकुंकवालाच पन्नास बायका येतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांवरच्या काळ्या चौकटीतले बहुतेक इशारे काढून टाकण्याचं जाहीर केलं. त्यामुळे काही त्या पन्नासातल्या एकीचा धोका मिटला नाही. तो आहे, तो कुणाला किती हे वयावर, गर्भाशय आहे की नाही यावर, गोळी की त्वचेवर लावायचं जेल यावर आणि किती वर्षं घेणार यावर ठरतं. साठीच्या आत आणि पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरू केलं, त्रास खरोखर मोठा असला आणि स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, हृदयविकाराचा झटका, यकृताचा चालू आजार यांपैकी काही नसलं, तर बहुतेकींच्या बाबतीत फायद्याचं पारडं जड होतं. आज जाणकारांचं मत साधारण इथे स्थिरावलं आहे. 'हॉर्मोन म्हणजे कॅन्सर' हे समीकरण यात कुठेच बसत नाही.

आता आया-आज्यांची साक्ष. इथे आमच्या बाजूचे, म्हणजे विज्ञानाच्या बाजूचे लोक एक चुकीचं उत्तर देतात: पूर्वी सरासरी आयुष्यच तिशी-बत्तिशीचं होतं, बायका पाळी जाईपर्यंत जगतच नव्हत्या. हे खरं नाही. सरासरी खाली ओढली जात होती ती मुख्यतः बालमृत्यूंनी. जी बाई बाळंतपणांतून वाचली, ती साठी-सत्तरी बघू शकत होती, म्हणूनच तर सुश्रुताला पन्नाशीचा आकडा ठाऊक होता. आज्या होत्या, आणि त्यांची पाळी गोळ्यांशिवायच गेली. त्रास झाला की नाही, हे मात्र त्यांना कुणी विचारलं नाही. माझी आजी माजघरात पाट उशाला घेऊन शहाबादी फरशीवर झोपायची, ऐन थंडीतसुद्धा. 'तिला उष्णतेचा विकार आहे' असं घरात म्हणत. ती पुढे पुढे वाकत गेली, शेवटी तिला मान वर करून माझ्याकडे बघता येत नसे. त्याला आम्ही म्हातारपण म्हणायचो. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत बाईच्या हाडांतला बराच ऐवज, काहींच्या बाबतीत पाचवा हिस्साही, निघून जातो. पाठीचे मणके आवाज न करता दबतात. आजीची पाठ साक्ष देत होती. ती साक्ष आहे हेच आम्हाला कळलं नव्हतं.

भारतीय बायकांना हा त्रास होतच नाही, या समजाला विद्वत्तेचा आधारही मिळाला होता. मार्शा फ्लिंट या मानवशास्त्रज्ञ बाईंनी राजस्थान आणि हिमाचलातल्या ४८३ रजपूत बायकांशी बोलून १९७५ साली लिहिलं की, पाळीचं चक्र बदलण्यापलीकडे त्यांच्या फारशा तक्रारी आढळल्या नाहीत. कारणही मनोज्ञ दिलं. या बायकांना पाळी गेल्यावर पडद्यातून बाहेर येता येत होतं, पुरुषांत बसता येत होतं. पाळी जाणं हे त्यांना बक्षीस होतं. पुढे आपल्या देशात ठिकठिकाणी पाहण्या झाल्या, त्यांत वाफा निघाल्या, झोप उडणं निघालं, आणि सगळ्यांत जास्त निघाली ती सांधेदुखी आणि थकवा, म्हणजे ज्याला आपण 'कामाने अंग मोडलं' म्हणतो ते.

फ्लिंटबाईंचं निरीक्षण मी उडवून लावत नाही. ग्वारीघाटावर ते रोज दिसतं. परिक्रमेला येणाऱ्या बायकांत पाळी गेलेल्याच जास्त का असतात? 'आता कसली अडचण नाही' हे उत्तर मी कितीदा ऐकलं आहे. आरतीचं ताट धरता येतं, कुपीला हात लावता येतो, चार दिवस बाजूला बसावं लागत नाही. सुटल्याचा तो आनंद खरा आहे. पण ती सुटका पाळीपासून कमी, आपण पाळीवर लादलेल्या विटाळापासून जास्त आहे. विटाळ आपला आपण काढून टाकला असता, तर बावीस वर्षांच्या मुलीलाही तोच आनंद मिळाला असता. त्या आनंदाला शरीराच्या स्वास्थ्याचा पुरावा धरणं म्हणजे बेडी निघालेल्या माणसाचा पाय दुखत नाही असं गृहीत धरणं.

उरला तो मूळ शब्द, निसर्ग. सगळा पूर्वपक्ष त्याच्यावर उभा आहे. १९२१ साली र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, तेव्हा त्यांच्याविरुद्ध हाच शब्द वापरला गेला. संयम नैसर्गिक, साधनं अनैसर्गिक. गांधीजींसारख्या माणसाचंही मत त्याच बाजूचं होतं. ज्या बायका बारावं, तेरावं बाळंतपण निसर्गाने करत होत्या, त्यांचं काय होत होतं, ते कर्वे 'समाजस्वास्थ्या'त वर्षानुवर्षं लिहीत राहिले आणि खटले सोसत राहिले. बाळंतपण तर पाळी जाण्याइतकंच नैसर्गिक आहे. २०१८ ते २०२० या काळात दर लाख जिवंत जन्मांमागे आमच्या मध्य प्रदेशात १७३ माता दगावल्या, महाराष्ट्रात ३३. गोंदियाच्या सीमेअलीकडच्या आणि पलीकडच्या बाईचा निसर्ग काही वेगळा नाही. वेगळी आहे ती तिला वेळेवर मिळणारी किंवा न मिळणारी मदत.

आणि जिच्या काठावर बसून आपण निसर्गाची ग्वाही देतो, ती मैया तरी? ग्वारीघाटाला लागणारं पाणी वरच्या अंगाच्या बरगी धरणाच्या दरवाज्यांतून येतं. पावसाळ्यात दरवाजे उघडायचे झाले की घाटावर आधी इशारा येतो आणि पायऱ्या पाण्याखाली जातात. उन्हाळ्यात पाणी टिकतं तेही त्या धरणामुळे. त्याच धरणात १६२ गावं गेली, ते उपकारच होते असं मी म्हणणार नाही. नदीत हात घातला की काही मिळतं आणि काही जातं, त्याचा हिशेब मांडावा लागतो. शरीराचंही तेच. हिशेब न मांडता 'निसर्ग' म्हणून मोकळं होणं, याला माझी हरकत आहे.

या शब्दाची आणखी एक गंमत वाटावी अशी पण खरोखर विचारात पाडणारी बाजू आहे. १९४२ साली अमेरिकेत बाजारात आलेलं प्रीमॅरिन हे गाभण घोड्यांच्या मूत्रातून काढतात. प्रोजेस्टेरॉन स्वस्तात बनू लागलं ते मेक्सिकोतल्या एका रानकंदापासून. नैसर्गिकच हवं असेल तर ही औषधं आणखी किती नैसर्गिक हवीत? दुसरीकडे, 'हॉर्मोन नको, नैसर्गिक घ्या' म्हणून सोयाबीनचा जो अर्क विकतात, त्यातली द्रव्यं शरीरात जाऊन इस्ट्रोजेनच्याच कुलपाला किल्ली लावायला बघतात. बाटलीवर पान छापलं म्हणून आतली क्रिया बदलत नाही.

काढे, अर्क, चूर्णं यांनी बरं वाटल्याचं बायका सांगतात, आणि त्या खोटं बोलत नाहीत. चाचण्यांत नुसत्या साखरगोळीनेही वाफांची संख्या बरीच खाली येते, असं पुन्हा पुन्हा दिसलं आहे. कुणीतरी ऐकून घेतलं, काहीतरी दिलं, याचंही औषध होतं. त्याखेरीज काळ पुढे सरकत असतो. पण किती काळ? अमेरिकेतल्या 'स्वान' या दीर्घ अभ्यासात वाफा येण्याचा काळ मध्यमानाने ७.४ वर्षं निघाला. 'निघून जाईल' म्हणताना आपण त्या बाईला सात वर्षं झोपेविना राहायला सांगत असतो, हे सांगणाऱ्याला ठाऊक असावं.

वाफ म्हणजे मुळात काय, तेही कुणी सांगत नाही. मेंदूच्या तळाशी शरीराचं तापमान सांभाळणारी जागा आहे. घाम कधी फोडायचा आणि काकडं कधी भरवायचं, या दोन रेषांमध्ये एरवी थोडं अंतर असतं. इस्ट्रोजेन घटलं की तिथल्या काही पेशी अनावर होतात आणि ते अंतर अगदी चिंचोळं होऊन जातं. जराशी ऊब वाढली की शरीर आग लागल्यासारखं घाम सोडतं, आणि लगेच गारठून कुडकुडतं. घाटावर त्या बाईने आधी स्वेटर काढला आणि मग शोधला, तो असा. हे ठाऊक झालं म्हणून त्या पेशींना शांत करणारं, हॉर्मोन नसलेलं औषध शोधता आलं. फेझोलिनेटंट त्याचं नाव, २०२३ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. ते घेताना यकृतावर लक्ष ठेवावं लागतं.

इथे माझं मंडन सुरू होतं. हॉर्मोनशिवाय पाळी जाऊ देणं हा पूर्ण शहाणपणाचा निर्णय असू शकतो. पण हॉर्मोनशिवाय याचा अर्थ उपचाराशिवाय असा नव्हे, तपासणीशिवाय असा तर नव्हेच. उत्तर अमेरिकेतल्या रजोनिवृत्ती संस्थेने २०२३ साली हॉर्मोनेतर उपायांचा कस लावला. कसाला उतरलं ते असं: विचार आणि वर्तन बदलायला शिकवणारी मानसोपचार पद्धत, संमोहन, नैराश्यावरच्या काही औषधांची लहान मात्रा, गॅबापेंटिन, वाढलेलं वजन उतरवणं. योगासनं, दीर्घ श्वसन, सोयाबीन, वनौषधी हे वाफांपुरते उतरले नाहीत. मी रोज सकाळी भंवरतालच्या बागेत चालते आणि घरी हातात दोन-दोन किलो घेऊन व्यायाम करते. वाफा त्याने थांबल्या नाहीत. हाडं, हृदय, झोप आणि मन यांच्यासाठी मी ते करते, आणि त्यासाठी ते खरंच उपयोगी आहे. एका गोष्टीचं श्रेय दुसरीला देऊ नये, इतकंच.

आणि सगळंच काही काळाने जात नाही. वाफा बहुतेकींच्या ओसरतात, पण योनीचा आणि मूत्रमार्गाचा कोरडेपणा वर्षागणिक वाढतो. लघवीला जळजळ, वारंवार जंतुसंसर्ग, नवऱ्याजवळ जाताना सुरीने कापल्यासारखं दुखणं. अशा बायका प्रवासात पाणी पीत नाहीत, कारण वाटेत सोय नसते, आणि त्रास दुपटीने वाढतो. यावर तिथल्या तिथे लावायचं अगदी कमी मात्रेचं इस्ट्रोजेनचं क्रीम असतं, ते रक्तात जवळजवळ उतरत नाही. पण 'हॉर्मोन' हा शब्द ऐकला की तेही नको, आणि दुखणं सांगायचं तर त्याहून नको.

निसर्गाच्या नावाने होणारा सगळ्यांत मोठा घात अंगावर जाण्याच्या बाबतीत होतो. 'पाळी जाताना असं होतंच, सगळं साफ होऊन जातं.' माझ्या नात्यातल्या एका मावशींना पाळी बंद होऊन पाच वर्षं झाल्यावर लाल डाग पडू लागले. त्यांनी आठ महिने कुणाला सांगितलं नाही. उलट पुन्हा विटाळ आला म्हणून देवाजवळ जायच्या थांबल्या. अस्तराचा कर्करोग निघाला तेव्हा तो गर्भाशयाबाहेर गेलेला होता. सबंध वर्षभर पाळी आली नाही आणि नंतर एक थेंबही दिसला, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचा. याला अपवाद नाही. पाळी जाण्याआधीचा अति रक्तस्रावही सोसायची गोष्ट नव्हे. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय बायकांपैकी ५७ टक्के मुळात रक्तक्षयाच्या आहेत.

मग मी स्वतः गोळ्या का घेतल्या नाहीत? माझी पाळी एक्कावन्नाव्या वर्षी गेली. वाफा येत, पण झोप मोडण्याइतक्या नाहीत. माझ्या आईला स्तनाचा कर्करोग झाला होता. डॉक्टरबाईंनी सांगितलं, एवढ्यावरून मनाई नाही, पण तुमचा त्रास लहान आहे आणि धोका थोडा वरचा, ठरवा तुम्ही. हाडांची घनता मोजली, थायरॉइड पाहिलं, स्तनांचं क्ष-किरण चित्र काढलं, आणि मी 'नको' म्हणाले. ते 'नको' माझ्या त्रासाचं, माझ्या हाडांचं आणि माझ्या आईचं होतं. घाटावर ते त्या बाईच्या मापाचं म्हणून दिलं गेलं आणि मी देऊ दिलं.

रात्र तशीच गेली. पहाटे सहाला पोह्यांचा डबा घेऊन मी त्यांच्या धर्मशाळेत गेले. बस आठला अमरकंटककडे निघणार होती. ती बाई पायरीवर केस विंचरत बसली होती. मी शेजारी बसले आणि काल विचारायला हवं होतं ते विचारलं.

"ताई, वय काय तुमचं?"

"बेचाळीस पुरं झालं."

"आणि पाळी जाऊन किती दिवस झाले?"

"गेली कुठं? काढली की. एकोणचाळीसाव्या वर्षी पिशवी काढली. लई अंगावर जायचं."

"पिशवीच काढली की अंडाशयंसुद्धा?"

तिने फणी थांबवली. "ते काय असतं? पिशवी काढली म्हनले, एवढंच."

ती परळीकडची. बारा वर्षं नवऱ्याबरोबर कोयता घेऊन उसाच्या फडात जात होती. आता पोरगा पुण्यात कामाला लागला, त्याने परिक्रमेचे पैसे भरले.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायकांमागे तिघींचं गर्भाशय काढलेलं निघालं, आणि काढण्याचं मध्यमान वय पस्तिशीच्या आतलं. तिच्याच बीड जिल्ह्यात २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ऊसतोडणीच्या ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यांत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. सहांत एक. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाईचा खाडा झाला की मुकादम उचलीतून पैसे कापणार, फडाजवळ ना संडास ना पाणी, मग पोटात दुखलं की 'पिशवीला सूज आहे, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल'. तिथेही कॅन्सरचाच धाक. पिशवी काढून अंडाशयं ठेवली, तरी ती बऱ्याचदा काही वर्षं लवकर थकतात. दोन्ही काढली, तर बाई शस्त्रक्रियेच्या टेबलावरून उतरते तीच पाळी गेलेली होऊन. आपल्याकडे नैसर्गिकरीत्या पाळी जाण्याचं सरासरी वय ४६ च्या आसपास आहे, पाश्चात्त्य बायकांपेक्षा आधीच चारपाच वर्षं अलीकडे. त्याच्याही कितीतरी अलीकडे हिचं सगळं थांबलं. अशा बाईला, मनाईचं दुसरं काही कारण नसेल, तर पाळी एरवी जाण्याच्या वयापर्यंत, पन्नाशीच्या आसपास, हॉर्मोन द्यावेत असं जगभरचं शास्त्र सांगतं. हाडांसाठी, हृदयासाठी. २००२ ची भीती तिला लागूच नाही, तिच्या वयाची एकही बाई त्या चाचणीत नव्हती.

"तेव्हाचा कागद आहे का? दवाखान्यातून सोडताना देतात तो?"

"असंल घरी." तिने पोराला फोन लावला. तो सुट्टीवर घरीच होता. "पत्र्याच्या पेटीत बघ, रेशनकार्डाच्या खाली, पिवळी पिशवी... हां, तीच. फोटू काढून धाड."

पोहे गार झाले. काकू येऊन उभ्या राहिल्या, काय चाललंय म्हणून विचारू लागल्या. मी त्यांनाही बसवून घेतलं. फोन वाजला. कागद इंग्रजीत होता, वेड्यावाकड्या अक्षरात, मी तो दोन बोटांनी मोठा करून वाचला. गर्भाशय, दोन्ही नळ्या आणि दोन्ही अंडाशयं.

"म्हंजी काय, वहिनी?"

मी सांगू लागले. ड्रायव्हरने एकदा हॉर्न दिला, मग दुसऱ्यांदा. काकूंनी हात वर करून त्याला थांबवलं. मी पर्समधून परिक्रमेचं पाठकोरं माहितीपत्रक काढलं आणि तिच्या गावाकडच्या डॉक्टरसाठी लिहिलं: वय ४२, शस्त्रक्रिया ३९ व्या वर्षी, दोन्ही अंडाशयं काढलेली, तेव्हापासून वाफा. हाडांची घनता मोजावी. हॉर्मोन सुरू करता येतील का ते पाहावं, येत नसतील तर का, ते हिला सांगावं. शेवटचं वाक्य मी दोनदा अधोरेखित केलं. तिने कागदाची चौघडी केली आणि झोळीत, कुपीच्या शेजारी ठेवली.